समुद्रावर नेलेली कणीक

बायको गेल्यावर मी रडलो नाही, ही गोष्ट आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात असलं काही लपत नाही. कोणी नवा फ्रीज आणला तरी तिसऱ्या घराला त्याचा रंग ठाऊक असतो, मग बायको मेलेला माणूस रडला नाही ही तर केवढी मोठी बातमी! आधी लोक म्हणाले, धक्का बसला बिचाऱ्याला. मग म्हणाले, आतल्या आत गिळून राहिला. वर्ष सरत आलं तसे बोलायचे थांबले आणि नुसते बघायला लागले. समोरची म्हातारी तेवढी तोंडावर बोलली, "रडून घे रे बापा, नाई त छातीत बसते ते."

मी काय करू? येतच नव्हतं. कांदा चिरला की डोळ्यांत पाणी येई, तेवढंच.

हात उशाखाली घेऊन झोपलं की तो बधिर होतो, मग आपलाच हात दुसऱ्या हातानं उचलून बाजूला ठेवावा लागतो. तसं मी मलाच उचलून इकडून तिकडे ठेवत होतो. सकाळी वावरात. तिथून झेंडू अन् शेवंती घेऊन फुलबाजारात. बाजारातून घरी. तिच्या तिरडीवरचा झेंडूही आमच्याच वावरातला होता. मी तो स्वतः तोडून आणला आणि आणताना मनात आलं की माल चांगला आहे, रंग भरला आहे. असं मनात येणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

लोकांचं मी मनावर घेतलं नसतं. पण पोरगीही तेच बघत होती. ती अमरावतीला नोकरी करते, शनिवारी येते, आठवड्याचं काहीबाही करून ठेवते आणि रविवारी संध्याकाळच्या बसनं जाते. एकदा भांडी घासता घासता, पाठमोरीच, ती म्हणाली, "बाबा, तुमाले आईचं काईच वाटून नाई राहिलं का?"

"वाटते ना व," मी म्हटलं.

"मंग दिसत कावून नाई?"

मी बाहेर जाऊन चपला सरळ लावत बसलो. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. भाजी कोणती आहे, गॅसचा नंबर लावला का, एवढंच. यायचीही कधी कधी चुकवायला लागली. बायको गेली ती गेली, आता पोरगीही हातची चालली हे मला धडधडीत दिसत होतं. तिला अडवायला जे लागतं तेच माझ्याजवळ नव्हतं. बाजारात मिळत असतं तर आणलं असतं.

आता मासोळ्यांचं सांगतो, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

मी आणि माझे दोन दोस्त दर रविवारी काटेपूर्णेच्या धरणावर गळ टाकायला जातो. जात होतो. एक आहे दलाल. सरकी आणि तिच्या ढेपेची, म्हणजे पेंडीची, दलाली करतो, त्याचा आवाज एवढा की धरणाच्या पल्याड ऐकू जातो आणि मासोळी पळते म्हणून आम्ही त्याला दूर बसवतो. दुसरा मास्तर. अमरावतीच्या एका शाळेतून रिटायर झाला. कुठलंही काम करायच्या आधी त्यावर मोबाईलमध्ये व्हिडिओ बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आम्ही गळाला कणकेचा गोळा लावतो. कणकेत सरकीची ढेप कालवलेली असते, रोहूला ती आवडते. हा गोळा माझ्या घरून जायचा आणि बायकोच्या हातचा असायचा.

ती रिद्धपूरकडची. माहेर महानुभाव पंथाचं, मांस-मच्छीचं नाव घरात निघायचं नाही. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी बिचकतच सांगितलं होतं की मला रविवारी गळ टाकायचा नाद आहे. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मी त्यायले जेवू घालीन. पण माह्या हातचं खाऊन जो वर येईन त्याले तुमी सोडून द्याचं." झालं! एवढी वर्षं मी मासोळ्या धरतो आणि सोडतो. दलाल म्हणायचा, "हा माणूस मासोळ्यायचा जावई हाय. जेवू घालते अन् पोचवून देते."

पण तिच्या गोळ्याला मासोळी लागायची हे खरं. आमच्या शेजारी बसणाऱ्यांचा गळ सुकत राहायचा आणि आमचा वाकायचा. त्या गोळ्याला एक वास असायचा, हिंगाचा, जरासा उग्र आणि त्याच्यामागे गोडसर. दलालानं घरी हिंग घालून तसा करून पाहिला, काही जमलं नाही. तिला विचारलं तर ती नुसती हसायची. गोळा डब्यात घालण्याआधी ती त्यावर चार बोटं दाबायची. हे माझ्या आईनं तिला शिकवलं होतं. मळलेल्या कणकेचा गोळा गुळगुळीत ठेवू नये, तो पिंडासारखा दिसतो, म्हणून बोटं उमटवायची. आता मासोळ्यांच्या चाऱ्याला कुठला आलाय पिंड! पण ती विसरायची नाही.

ती गेली तो रविवारच होता. सकाळी मी गळांची पिशवी भरत होतो. तिनं वरणाला फोडणी दिली, कणीक मळली, माझा चाऱ्याचा डबा भरून ओट्यावर ठेवला, आणि पोळ्या लाटायला पोळपाट घेणार तोच ओट्यापाशी खाली बसली. मी म्हटलं, "काय झालं व?" ती म्हणाली, "काई नाई, डोक्यात..." आणि एवढंच. दवाखान्यात नेलं, पण तिथं आणायला उशीर झाला असंच सांगितलं. परातीत ओल्या फडक्याखाली राहिलेली कणीक शेजारणीनं गाईला घातली. माझा डबा कोणीतरी फ्रीजमध्ये ठेवला. तेरावं झाल्यावर मला तो सापडला. उघडला तर त्यात गोळा आणि गोळ्यावर चार बोटं. मी तो वरच्या बर्फाच्या खणात सरकवला, आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यामागे. कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, की मी कणीक जपून ठेवली आहे?

टूनाचं खूळ मास्तरच्या मोबाईलमधून आलं. अंदमानला बोटी मिळतात, माणसं तीन-चार दिवस दूर समुद्रात राहतात आणि टूना नावाचा माणसाएवढा मासा धरतात, हे त्यानं कुठंतरी पाहिलं. दलालानं तर उडीच मारली. "रोहू पकडता पकडता बुढे झालो बे आपण! एकदा असा मासा लागला पायजे का त्यानंच आपल्याले ओढत नेलं पायजे." मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बहिरा नाही. आदल्या दिवशी पानठेल्यावर दलाल मास्तरला काय म्हणाला ते मी ऐकलं होतं, "याले हालवू गड्या. हालला त फुटंन." मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही जोर लागतो.

निघायच्या आदल्या शनिवारी पोरगी आली आणि फ्रीजची सफाई काढून बसली. बर्फ साचला होता. ती एकेक काढून बाहेर ठेवत होती, आणि तो डबा तिच्या हातात आला.

"हे काय हाय? चारा हाय का?"

"राहू दे. मी नेऊन राहिलो."

"कुठी? अंदमानले?"

मी डबा तिच्या हातातून घेतला. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि बरं होईल. ती म्हणाली, "आईले जाऊन वर्ष नाई झालं, अन् तुमाले मासोळ्याच सुचून राहिल्या." मग ओल्या फडक्यानं फ्रीज पुसायला लागली.

तिला सांगता आलं असतं. हा तुझ्या आईच्या हातचा आहे, उघडून बघ, बोटं आहेत. पण सांगताना माझा चेहरा तसाच राहिला असता, कोरा, आणि ती म्हणाली असती की बघा, हेसुद्धा कसं बातमी दिल्यासारखं सांगतात. डबा घरी ठेवला असता तर तिनं फेकला असता, म्हणून तो माझ्याबरोबर समुद्रावर निघाला.

नागपूरच्या विमानतळावर दलालानं आमची शोभा केली. त्यानं ढेपेची गोणी आणली होती, छोटी पण गोणीच. वर कणकेचं पीठ, मसाले, हिंगाची डबी. "भातावर जगणारा माणूस नाई मी," म्हणाला. सामान घेणाऱ्या पोरीनं गोणीकडे बोट करून हिंदीत विचारलं, हे काय आहे. दलाल म्हणाला, "मॅडम, मच्छी का नाश्ता." मागची रांग हसली. मास्तर दुसऱ्याच रांगेत जाऊन उभा राहिला. मीही हसलो असेन.

बोट चांगली होती. खाली झोपायला फळ्या, मागे मोकळी जागा, कडेला बर्फाची मोठी पेटी. मी आमच्या बाटल्यांच्या खाली, अगदी तळाला, माझा डबा ठेवला. कॅप्टन पन्नाशीचा, कमी बोलणारा, हिंदी बोलायचा. त्यानं ढेपेची गोणी उघडून हात घातला, वास घेतला आणि म्हणाला, "भाईसाहब, टूना ये नहीं खाता." दलालानं त्याला समजावलं की आमच्याकडे आधी चारा टाकतात, मासोळ्या गोळा होतात, मग गळ. कॅप्टन म्हणाला, टूना धावणारा मासा आहे, त्याच्यामागे आपण धावायचं. दलालाला काही हे पटलं नाही. पाण्यात राहतो तो मासा आणि मासा म्हटला की ढेप, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

पहिल्याच दिवशी किनारा दिसेनासा झाला आणि मला ओकाऱ्या सुरू झाल्या. मोबाईलची रेंज गेली. मी खाली पडून राहिलो. डोळे मिटले की फळी वर जायची, उघडले की खाली यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जरा हुशारी वाटली तसा वर आलो. दलाल बादलीत हात धूत होता.

"ये बे ये! चारा टाकून ठेवला. पेटीत तुहा डबा सापडला. वैनीसारखा गोळा बनवला तू, बोटंबी दाबले, वा रे गड्या! तोबी कुस्करून टाकला ढेपेत. आता पाह्य कशा येतात."

मी कठड्यापाशी गेलो. खाली पाण्यावर तपकिरी ढग पसरला होता. त्यात बोटाएवढ्या चांदीच्या मासोळ्या आल्या होत्या, खात होत्या. बोट चालली होती, ढग मागे पडत होता.

"बरं केलं," मी म्हटलं.

खरं सांगतो, मला राग यायला पाहिजे होता. मी तिथं उभा राहून त्याची वाट पाहिली. आता येईल, आता मी याची कॉलर धरीन, आईबहिणीवरून शिव्या देईन. नाही आला. चूक तरी त्याची कुठं होती? चाऱ्याचा डबा बोटीवर आणणाऱ्या माणसाला चाराच टाकायचा असणार ना! रिकामा डबा पेटीच्या झाकणावर पडला होता. तळाला आणि कोपऱ्यांत थोडी कणीक चिकटलेली होती. मी झाकण घट्ट लावलं आणि डबा पिशवीत ठेवला. तेव्हा मनात एवढंच आलं की आता हेही नाही.

टूना दुपारी लागला. दूर पाण्यावर पक्ष्यांचा थवा तुटून पडत होता, कॅप्टननं बोट तिकडे घातली आणि आमच्या मागे ओढत नेलेल्या खोट्या मासोळ्यांपैकी एकीवर काहीतरी आदळलं. पाळी माझी होती. माझ्या कमरेला पट्टा बांधला, रॉडचं बूड त्यात खोचलं आणि मग ते जनावर खाली निघालं. रीळ किंचाळत होतं. आमच्या धरणातला रोहू दोन झटके देतो आणि समजूतदारपणे वर येतो. हा समजूतदार नव्हता. मी ओढायचो तेवढं तो परत घ्यायचा. दंड भरून आले, पोटात रॉडचं बूड रुतलं. दलाल माझी पाठ धरून ओरडत होता, "सोडू नको बे! सोडशीन त पाह्य!" मास्तर व्हिडिओत पाहिलेलं सांगत होता, रॉड खाली, रीळ फिरव, रॉड वर. मी ते सगळं केलं. सांगितलेलं सगळं मी वर्षभर करतच होतो.

वर आला तेव्हा तो आडवा होता. पाठ निळी, कडेचे पर पिवळेजर्द, अंगानं आमच्या वासराएवढा. डोळा मोठा, गोल, कशाकडेही न बघणारा. कॅप्टननं विचारलं, सोडायचा की ठेवायचा?

"सोडा," मी सवयीनं म्हटलं.

कॅप्टननं वाकून बघितलं. गळ कल्ल्यात रुतला होता, रक्त वाहत होतं. हा जगणार नाही, तो म्हणाला. दलालानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा वैनीच्या हातचं खाऊन नाई आला. प्लास्टिकच्या मासोळीले लागला. ठेव." त्याचं बरोबर होतं. कॅप्टननं आकड्यानं तो वर घेतला. फोटो काढला. फोटोत मी हसतो आहे. मास्तर हस म्हणाला म्हणून हसलो. इतका मोठा मासा आमच्या गावात कोणी धरला नसेल, आणि मी विचार करत होतो की पट्टा कधी सोडतात.

दलालानं त्याचा झणझणीत रस्सा केला. मी दोन वाट्या खाल्ल्या. सगळे म्हणाले, वा, काय चव. असेल.

जेवण झाल्यावर दोघं जरा पडले. मी मागे जाऊन बसलो, पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. कडेला वाळायला लागलेल्या कणकेला अजून तो वास होता. मी झाकण लावलं. परत उघडलं. मास्तर कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.

"काय करून राहिला?"

"काई नाई."

"डबा हुंगून राहिला तू."

मी तोंड उघडलं तर सांगूनच टाकलं. सपाट आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. तिनं त्या सकाळी मळलेला होता. मी नव्हता बनवला. बोटं तिची होती.

मास्तरनं मागे वळून बघितलं. दलाल फळीवरून उठून बसला होता, त्यानं ऐकलं होतं. तो उठला, कठड्यापाशी गेला, मागच्या पाण्याकडे बघत राहिला. जसा काही तो ढग अजून तिथं असेल. मग तो कठड्याला डोकं लावून रडायला लागला. लहान पोरासारखा, हुंदके देत. "मी टाकलं रे... वैनीच्या हातचं, मी टाकलं..."

आता बघा तमाशा. माझ्या बायकोसाठी दलाल रडतो आहे आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो आहे. मी त्याला म्हटलं, "जाऊ दे बे. मासोळ्यायनंच खाल्लं ना. त्यायच्यासाठीच होतं." हे म्हणताना माझा घसाही बसला नाही. मला स्वतःची चीड आली. चीड आली, एवढं तरी आलं.

दलालानं तोंड धुतलं आणि पिठाची पिशवी काढली. "मी बनवतो," म्हणाला. "तसाच बनवतो. तू हुंगून सांग." मास्तर म्हणाला, अरे सोड. पण दलाल ऐकतो का? पीठ घेतलं, पाणी घातलं, मूठभर ढेप, आणि डबीतला हिंग. मळून माझ्या नाकाशी आणला. "असा?"

"नाई."

आणखी हिंग. "आता?"

"नाई बे."

मास्तरनं त्याच्या परीनं डोकं चालवलं, गूळ घालून पाहू म्हणाला, मग तेल म्हणाला. मीही हात घातले. आम्ही तीन म्हातारे, भर समुद्रात, मांडी घालून कणीक मळत बसलो होतो. शेवटी इतका हिंग पडला की कॅप्टन सगळी दारं उघडून बाहेर बघत उभा राहिला. त्याला वाटलं असेल, वऱ्हाडातून वेड्यांची बोट भरून आली आहे. दलालानं शेवटचा गोळा वळला, छान गुळगुळीत, आणि माझ्या हातावर ठेवला. वास नुसत्या हिंगाचा होता, डबीतल्या. ती नव्हती त्यात. पण त्या गुळगुळीत गोळ्यावर माझी चार बोटं आपोआप दाबली गेली. मग मी तो पाण्यात सोडून दिला.

"काय टाके रे वैनी?" दलाल रडवेला होऊन म्हणाला. "मलेबी नाई सांगितलं कधी."

"पोरीले माहीत असंन," मास्तर म्हणाला. "पोरीले विचार."

रेंज नव्हती. पुढे दोन दिवस बोट फिरली, मास्तरलाही एक टूना लागला, दलालाला काहीच लागलं नाही आणि त्यानं तक्रारही केली नाही. मी त्या दिवसांत एकच गोष्ट धरून बसलो होतो. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी पाहिजे होतं. तिच्या गोळ्यात काय असायचं ते पाहिजे होतं.

बंदर जवळ आलं तसे तिघांचे मोबाईल टुणटुणायला लागले. दलाल आणि मास्तर जरा लांब सरकले, पण कान इकडेच. मी पोरीला फोन लावला.

"बोला," ती म्हणाली. "लागला का मासा?"

"लागला."

"बरं झालं."

ती फोन ठेवणार हे मला आवाजावरून कळलं. मी घाईघाईनं म्हटलं, "तुही आई त्या गोळ्यात काय टाके व?"

"कोन्त्या गोळ्यात?"

"मासोळ्यायच्या. मी नेला ना तो डबा. तो तिच्या हातचा होता. त्या सकायचा. मी ठेवला होता." मला धाप लागली होती. "तो संपला. आमी बनवून पाह्यला, हिंग टाकून. तसा नाई होत. काय टाके ती?"

मला वाटलं, रेंज गेली. मी फोन कानावर दाबून बोटीच्या दुसऱ्या कडेला गेलो.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज वेगळा होता, "काई नाई टाके ती. हिंग कधीच नाई टाकला तिनं."

"अवं, वास येत होता..."

"हाताचा होता तो. आधी ती वरणाले फोडणी देत होती. खडा हिंग बोटानं चुरून टाके. अन् तेच हात कणकेत घाले. मी तिले कितीदा म्हटलं, आई हात धुत जाय. ती म्हणे, राहू दे, चांगला लागते. अन् वेगळी कणीक कधी मळलीच नाई तिनं. आपल्या पोळ्यायचीच कणीक. त्यातूनच पयला गोळा काढे, त्यात ढेप कालवे. आधी त्यायचा, मंग आपल्या पोळ्या. तुमच्या पोळीलेबी तोच वास होता बाबा. तुमाले कधी आला नाई?"

नाही आला. एवढी वर्षं रोज ताटात होता, वरणाबरोबर खाल्ला, आणि मला वाटायचं तो फक्त मासोळ्यांसाठी आहे. त्या सकाळी तिनं त्यांचा गोळा काढून ठेवला होता. त्यापुढे माझ्या पोळ्या होत्या. त्या लाटायच्याच राहिल्या.

माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं, पुन्हा ओकारी. मी कठडा धरला आणि खाली बसलो. ती ओकारी नव्हती. आवाज निघाला तो मला माझा वाटला नाही, गुरासारखा होता. दलाल धावत आला, मास्तरनं त्याला दंडाला धरून थांबवलं. कॅप्टननं बोटीचं इंजिन कमी केलं. मी रडत होतो, फोन कानाला तसाच होता, आणि थांबता थांबत नव्हतं.

"बाबा?" पोरगी म्हणत होती. "बाबा, रडून राहिले का तुमी?"

"हो व माय."

मग तीही रडायला लागली. आम्ही दोघं रडत राहिलो, ती अमरावतीत आणि मी समुद्रावर. बोट धक्क्याला लागली, दोर बांधले, दलालानं माझीही बॅग उचलून खाली नेली, तरी तिनं फोन ठेवला नव्हता. शेवटी तिनं नाक ओढलं.

"या घरी," ती म्हणाली. "मी शनिवारी येतो. खडा हिंग हाय अजून डबीत, तिनंच आणलेला. मी हात नाई धुत."